भांडण नावाचं, नुकसान रानाचं



खरीप तोंडावर आलाय. नांदेडचा नवा मोंढा काय अन् लातूरचा बाजार काय, बी-बियाण्याच्या दुकानांत आता गर्दी वाढत जाणार. म्हणून आज पिकावर न लिहिता पुड्यावरच्या अन् बाटलीवरच्या नावावर लिहितोय. पोस्ट लांब आहे, पण पेरणीच्या आधी एकदा सावकाश वाचा.

दोन कंपन्या नावावरून कोर्टात गेल्या अशी बातमी आली की आपण पान उलटतो. मोठ्यांची भांडणं, आपल्याला काय करायचंय? माझं म्हणणं उलट आहे. हे भांडण आपल्याच डोळ्यांवरून अन् आपल्याच आठवणीवरून चाललेलं असतं. गिऱ्हाईक फसेल का नाही, एवढाच प्रश्न तिथं मुख्य असतो. गिऱ्हाईक म्हणजे आपण. अन् निकाल लागला की एक कंपनी जिंकते, दुसरी हरते, पण ज्याच्या रानात तो माल पडला त्याला साधा निरोपसुद्धा येत नाही. ही गोष्ट बदलायला पायजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपण नाव घेत नाही, खूण सांगतो

दुकानात आपण कसं बोलतो ते आठवा. "शेठ, मागच्या बारीला नेली होती ना, हिरव्या झाकणाची, ती द्या." नाहीतर, "ते पिवळ्या पुड्यातलं होतं बघा, त्यानं अळी चांगली मेली होती." नाव घेतलंच तर पहिली दोन अक्षरं. पुढचं दुकानदार ओळखतो, नाहीतर ओळखल्यासारखं करतो.

यात अडाणीपणा नाही. सोयाबीनवर अळी पडलेली असते, पावसानं दोन दिवसांची उघडीप दिलेली असते, फवारणीचा गडी सांगून ठेवलेला असतो. अशा वेळी चष्मा लावून बारीक अक्षरं वाचत कोण बसतं? शहरातला शिकलेला माणूससुद्धा साबण अन् चहा रंगावरूनच उचलतो.

नक्कल करणाराला हे पक्कं ठाऊक असतं. तो पूर्ण नाव चोरत नाही. पूर्ण नाव चोरलं तर सरळ नकली माल ठरतो, पोलीस येतात. तो एक अक्षर बदलतो, एक काना वाढवतो, अन् रंग, झाकण, चित्र, अक्षरांचं वळण तेच ठेवतो. पकडला तर म्हणतो, "आमचं नाव येगळं आहे, वाचा की." वाचलं तर खरंच येगळं असतं. पण आपण वाचून घेतलेलंच नसतं, बघून घेतलेलं असतं. नेमक्या याच फटीबद्दल कायदा काय म्हणतो, ते मी आमच्या पाहुण्यातल्या एका वकिलाला बसवून समजून घेतलं. ते आपल्या भाषेत सांगतो.

बिस्किटाच्या पुड्याचा खटला

सगळ्यात चांगलं उदाहरण बिस्किटाचं आहे. विलेपार्ल्याची पार्ले कंपनी तेव्हा 'पार्ले ग्लुको' नावानं बिस्किटं विकायची. पुड्यावर चित्र होतं शेतावरचं. मधी बादली घेतलेली पोरगी, भोवती गाया, कोंबड्या, मागं घर अन् झाडं. १९६१ मध्ये कंपनीच्या लक्षात आलं की म्हैसूरची एक कंपनी 'ग्लुकोज बिस्किट' असं लिहून तसलाच पुडा विकतेय. तिच्या पुड्यावरही पोरगी होती, पण डोक्यावर गवताचा भारा. गाय होती, कोंबड्या होत्या, मागं शेतघर होतं. पुड्याचा आकार जवळपास तोच, रंगही तसेच.

खालच्या कोर्टात अन् म्हैसूरच्या उच्च न्यायालयात पार्ले हरली. दोन्ही पुडे शेजारी ठेवले तर फरक दिसतोच, असा तिथला हिशोब होता. एकीच्या हातात बादली, दुसरीच्या डोक्यावर भारा. सर्वोच्च न्यायालयानं २८ जानेवारी १९७२ ला हे उलटवलं. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं: गिऱ्हाईक दुकानात दोन पुडे शेजारी ठेवून फरक मोजत नसतं. आज एक पुडा बघितलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी दुसरा दाखवला तर तो तोच समजून घेईल का, एवढंच बघायचं. ठळक गोष्टी सारख्या असल्या तर बारीकसारीक फरक दाखवून सुटका होत नाही.

त्याच्या आधी १९५९ मध्ये 'ग्लुकोविटा' अन् 'ग्लुविटा' या नावांच्या मुंबईच्या प्रकरणातही सर्वोच्च न्यायालयानं हीच फूटपट्टी लावली होती. बेताच्या हुशारीचा अन् अर्धवट आठवण असलेला साधा माणूस फसेल का? म्हणजे बघा, आपली "हिरव्या झाकणाची द्या" ही जी सवय आहे, तिला आपल्या देशाच्या सगळ्यात वरच्या कोर्टानं मान्यता दिलेली आहे. नाव वाचून घेतलं नाही म्हणून दोष गिऱ्हाइकाचा, असं कोर्ट म्हणत नाही. दिसायला सारखं करणाराचा दोष, असं म्हणतं. पुढच्या वेळी कोणी साहेब "शेतकऱ्यानंच बघून घ्यायला पायजे होतं" म्हणाला तर त्याला १९७२ चा हा निकाल सांगा.

नाव नोंदलेलं अन् नाव कमावलेलं

कायद्यात दोन वाटा आहेत. एक, नाव किंवा चिन्ह सरकारकडं नोंदलेलं असतं अन् दुसरा ते किंवा त्याच्यासारखं वापरतो. हा व्यापारचिन्हाचा भंग. आत्ताचा कायदा १९९९ चा आहे, नोंदणी १० वर्षांची असते अन् दर १० वर्षांनी वाढवत किती बी वर्षं चालवता येते.

दुसरी वाट म्हणजे पासिंग ऑफ. सोप्या भाषेत, आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवणं. यात नाव नोंदलेलंच पायजे असं नाही. बाजारात तुमची पत आहे, लोक तुमच्या नावानं माल मागतात, दुसऱ्यानं त्या पतीवर आपला माल चालवला अन् तुमचं नुकसान झालं किंवा होणार, एवढं दाखवलं की झालं.

नावाची पत किती लांब जाते ते महिंद्राच्या खटल्यात दिसतं. आपल्याला महिंद्रा म्हणलं की ट्रॅक्टर अन् जीप आठवते. अहमदाबादकडच्या एका कागद कारखान्यानं 'महेंद्र अँड महेंद्र' असं नाव लावलं होतं. त्यांचा धंदा कागदाचा, यांचा ट्रॅक्टरचा. तरी मुंबई उच्च न्यायालयानं ते नाव वापरायला मनाई केली अन् नोव्हेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती मनाई कायम ठेवली. पन्नास वर्षांत कमावलेल्या नावाशी लोक आपोआप संबंध जोडतात, हे त्यामागचं कारण. कागदाच्या अन् ट्रॅक्टरच्या बाबतीत जर कोर्ट इतकं जपतं, तर एकाच फळीवर ठेवलेल्या दोन औषधांच्या बाटल्यांबद्दल किती जपायला पायजे?

विषाला जास्त कडक नियम पायजे

याच्यावरही एक निकाल आहे, अन् तो आपल्या कामाचा आहे. २००१ मध्येच कॅडिला नावाच्या दोन औषध कंपन्यांचा वाद सर्वोच्च न्यायालयात आला होता. एकीचं मलेरियावरचं औषध 'फाल्सिगो', दुसरीचं 'फाल्सिटॅब'. कोर्टानं त्या वादाचा शेवटचा निकाल न देता खटला खाली चालवायला सांगितला, पण कसोट्या घालून दिल्या. औषध म्हणजे गोळ्या-चॉकलेट नाही, चुकीचं गेलं तर जीव जातो, म्हणून औषधाच्या नावात सारखेपणा आणखी कडकपणे तपासा. आपल्या देशात भाषा अनेक, शिक्षण कमी, तेही ध्यानात घ्या.

आता माझा प्रश्न. माणसाच्या औषधाला एवढी कडक कसोटी, मग कीटकनाशक तर सरळसरळ विष आहे. लाल त्रिकोणाच्या बाटलीऐवजी दुसरी बाटली पंपात गेली तर फवारणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं. अंगात विष भिनलं तर डॉक्टर आधी बाटली मागतात, कारण त्यावरून उतारा ठरतो. बाटलीवर लिहिलंय एक अन् आत आहे दुसरंच, तर डॉक्टरनं करायचं काय? अन् तणनाशकाची चूक झाली तर उभं पीक जळून जातं. म्हणून कॅडिलाची कसोटी फवारणीच्या औषधालाही तेवढ्याच कडकपणानं लावली पायजे, अन् हे कोर्टात जाण्याची वाट न बघता नोंदणी देतानाच बघितलं पायजे.

तसं १९६८ च्या कीटकनाशक कायद्यात 'मिसब्रँडेड' शब्दाच्या व्याख्येतच आहे की एखादं कीटकनाशक दुसऱ्या कीटकनाशकाची नक्कल असेल किंवा दुसऱ्याच्या नावानं विकलं जात असेल तर ते मिसब्रँडेड. म्हणजे कंपनी कोर्टात जावो ना जावो, कृषी खात्याच्या निरीक्षकाला यात हात घालता येतो. पण खात्याचा सगळा जोर नमुना काढून प्रयोगशाळेत पाठवण्यावर असतो. आतला माल टक्केवारीत बसला की बाहेरच्या वेष्टणाकडं सहसा कोणी बघत नाही.

निकालानंतर आपल्या हाती काय?

आता मुख्य मुद्द्यावर येतो. अशा खटल्यात कंपनीला काय मिळतं? मनाई हुकूम मिळतो, गरज पडली तर समोरच्याला न कळवता सुरुवातीलाच मिळतो. कोर्टाचा माणूस जाऊन गोदामातला माल ताब्यात घेऊ शकतो. नुकसानभरपाई किंवा समोरच्यानं कमावलेला नफा मागता येतो. लेबलं, पुडे नष्ट करायला लावता येतात. पुष्कळदा समोरचा लिहून देतो की पुन्हा असं करणार नाही, अन् समझोता होऊन विषय मिटतो.

कंपनीला हे मिळायलाच पायजे, माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही. पंचवीस-तीस वर्षं चांगला माल देऊन नाव कमवायचं अन् कोणीतरी एक अक्षर बदलून ते लुटायचं, हा अन्यायच आहे.

पण तोपर्यंत जो माल विकला गेला तो कुठं असतो? आपल्या गोठ्याच्या फळीवर, नाहीतर जमिनीत पेरलेला. कोर्टाला बॅच नंबर माहिती असतो, कंपनीला माहिती असतो, नक्कल करणाराला तर असतोच. माहिती नसतो फक्त आपल्याला. कधीमधी पेपरात बारीक अक्षरांत जाहीर नोटीस येते. तिच्यात अमुक नाव वापराल तर कारवाई करू, अशी धमकी व्यापाऱ्यांना असते. ज्यानं ती बाटली नेली त्यानं काय करावं, याचं एक वाक्य नसतं.

कंपन्या गप्प का बसतात तेही समजतं. "आमच्या नावाचा नकली माल तुमच्या तालुक्यात सापडला" असं जाहीर केलं तर लोक त्यांचा असली मालही घ्यायचे बंद होतील, ही भीती. म्हणजे नाव वाचवायला कोर्टात जायचं अन् नाव वाचवायलाच गावात गप्प बसायचं. ज्या गिऱ्हाइकाच्या फसवणुकीचं कारण देऊन कोर्टाकडून हुकूम मिळवला, त्याच गिऱ्हाइकापासून गोष्ट लपवायची. हे मला पटत नाही.

पाचशे रुपये अन् पन्नास हजार

शिक्षेचा हिशोब बघा, म्हणजे कायद्याला जास्त काळजी कोणाची ते कळेल. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यात खोटं चिन्ह लावणाऱ्याला कमीत कमी ६ महिने अन् जास्तीत जास्त ३ वर्षं कैद, सोबत ५० हजार ते २ लाख रुपये दंड लिहिलेला आहे. त्याहून कमी शिक्षा द्यायची तर कोर्टाला कारण लिहावं लागतं. अन् १९६६ च्या बियाणे कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड किती? जास्तीत जास्त ५०० रुपये! २०२५ च्या खरिपात बीटी कपाशीच्या ४७५ ग्रॅमच्या एका पाकिटाची ठरवून दिलेली किंमत ९०१ रुपये होती. म्हणजे दंड पाकिटापेक्षा स्वस्त.

खरं बोलायचं तर बियाण्याला बियाणे नियंत्रण आदेश अन् जीवनावश्यक वस्तू कायदाही लावता येतो, फसवणुकीचा गुन्हाही दाखल करता येतो, तिथं शिक्षा मोठी आहे. पण मूळ बियाणे कायद्यातला आकडा साठ वर्षं झाली ५०० वरच बसलाय. कंपनीच्या नावाला धक्का लागला तर ५० हजारांपासून सुरुवात, अन् शेतकऱ्याचा हंगाम गेला तर ५०० वर शेवट. हे बरोबर आहे का, तुम्हीच सांगा.

राज्य सरकारनं २०२३ च्या पावसाळी अधिवेशनात बोगस निविष्ठांवर कडक शिक्षा अन् शेतकऱ्याला भरपाई यासाठी विधेयकं आणली होती. दुकानदारांनी त्याविरुद्ध नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्यभर दुकानं बंद ठेवली. त्यांचं म्हणणं होतं, आम्ही सीलबंद माल विकतो, आत काय आहे त्याला आम्ही कसे जबाबदार? या म्हणण्यात तथ्य आहे. सील न फोडता विकणाऱ्या दुकानदाराला अन् माल तयार करणाऱ्याला एकाच मापानं मोजू नये. पण एक सांगतो. आत काय आहे हे दुकानदाराला दिसत नसेल, बाहेर काय आहे ते तर दिसतं ना? दोन सारख्या दिसणाऱ्या बाटल्या शेजारी ठेवून, गिऱ्हाईक एक मागत असताना मार्जिन जास्त म्हणून दुसरी हातात देणं, ही सीलच्या बाहेरची गोष्ट आहे. तिथं जबाबदारी दुकानदाराचीच.

स्वस्त म्हणजे नकली नाही

आता दुसरी बाजूही सांगितली पायजे, नाहीतर मी कंपन्यांची वकिली करतोय असं वाटेल.

पेटंट अन् व्यापारचिन्ह या दोन येगळ्या गोष्टी. पेटंट औषधाच्या रेणूवर असतं अन् २० वर्षांनी संपतं. नाव कधीच संपत नाही. क्लोरॅंट्रानिलीप्रोल घ्या. 'कोराजन' या नावानं ते आपल्याला माहिती झालं. त्याचं भारतातलं पेटंट ऑगस्ट २०२२ मध्ये संपलं अन् मग कितीतरी कंपन्यांनी तोच १८.५ टक्के घटक आपापल्या नावानं बाजारात आणला. हा माल नकली नाही. रेणू मोकळा झाला, 'कोराजन' हे नाव मोकळं झालं नाही, एवढंच. नोंदणी करून, स्वतःचं नाव अन् स्वतःचं वेष्टण घेऊन कोणी तेच औषध स्वस्तात देत असेल तर तो आपला फायदा आहे. असल्या मालाला 'डुप्लिकेट' म्हणून बदनाम करणारे लोकही बाजारात आहेत, त्यांच्यापासून सावध राहा.

बियाण्याचंही तसंच. 'एमएयूएस ७१' हा परभणीच्या कृषी विद्यापीठाचा वाण आहे, 'जेएस ३३५' जबलपूरचा. ही वाणाची नावं आहेत, कुण्या एका कंपनीची मालकी नाही. दहा कंपन्यांच्या बॅगवर ती दिसतील. तिथं बघायचं ते कंपनीचं नाव, लॉट नंबर, उगवणक्षमता अन् टॅगचा रंग. निळा टॅग प्रमाणित बियाण्याचा, हिरवा टॅग म्हणजे ट्रूथफुल, तिथं जबाबदारी कंपनीच्या शब्दावर.

खताच्या बॅगेचं तर सरकारनंच येगळं करून टाकलंय. २ ऑक्टोबर २०२२ पासून अनुदानाच्या खताच्या बॅगेवर दोन तृतीयांश जागा 'भारत युरिया', 'भारत डीएपी' या नावाला अन् सरकारी योजनेच्या चिन्हाला, कंपनीला उरलेली एक तृतीयांश. सगळ्या बॅगा सारख्याच दिसतात. तिथं रंगावरून ओळखायचा विषयच संपला, त्या एक तृतीयांशात काय लिहिलंय ते वाचावंच लागतं.

आपल्या हातात काय आहे

कंपनीच्या खटल्यात आपल्याला काही मिळत नसलं तरी आपली वाट बंद नाही. १६ जानेवारी २०१२ ला सर्वोच्च न्यायालयानं आपल्या शेजारच्या आंध्रातल्या शेतकऱ्यांच्या बाजूनं निकाल दिला. समोर राष्ट्रीय बीज निगम होतं. त्यांचं म्हणणं होतं की शेतकऱ्यांनी बियाण्याचा नमुना प्रयोगशाळेत द्यायला पायजे होता, अन् बियाणे कायदा असताना ग्राहक मंचात येता येत नाही. कोर्टानं दोन्ही मुद्दे फेटाळले. शेतकरी आणलेलं सगळं बी पेरून टाकतो, तपासणीसाठी मागं ठेवत नाही, हे कोर्टानं समजून घेतलं. शेतकरी हा ग्राहक आहे, हेही सांगितलं.

म्हणून ज्याच्या रानात नुकसान झालं त्यानं हे करावं:

१. पक्की पावती घ्या. तिच्यावर नाव, बॅच किंवा लॉट नंबर, कंपनी, तारीख अन् सही पायजे. उधारीवर घेतलं तरी पावती मागा. उधारी असली की पावती मागायला आपण लाजतो, तिथंच केस मरते.

२. बॅग फोडताना टॅगच्या उलट्या बाजूनं फोडा. टॅग, पिशवी अन् मूठभर बी जपून ठेवा. बाटली रिकामी झाली तर लेबलचा चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा, मोबाईल सगळ्यांकडं आहे.

३. दुकानात कंपनीच्या नावासोबत घटकाचं नाव अन् टक्केवारी विचारा. घरी एका वहीत लिहून ठेवा. पोराला लिहायला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे.

४. उगवलं नाही, पीक जळलं, तर लगेच तालुका कृषी अधिकाऱ्याकडं लेखी तक्रार द्या अन् पोच घ्या. तालुक्याच्या तक्रार निवारण समितीचा पंचनामा झाल्याशिवाय दुबार पेरणीसाठी रान मोडू नका. पावसाची घाई असते हे कळतं, पण एक पट्टा तरी तसाच ठेवा.

५. जिल्हा ग्राहक आयोगात २ वर्षांच्या आत तक्रार करता येते. आपण राहतो त्याच जिल्ह्यात करता येते. ५ लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही अन् वकील लावलाच पायजे अशी सक्ती नाही.

माझी मागणी

कृषी खात्याकडं, कंपन्यांकडं अन् जमलं तर कायदा करणाऱ्यांकडं माझी मागणी एकच आहे. नावाच्या नकलेबद्दल कोर्टाचा हुकूम मिळाला, छापा पडला किंवा समझोता झाला, तर सात दिवसांत त्या मालाचे बॅच नंबर अन् तो गेलेल्या तालुक्यांची नावं मराठीत जाहीर करणं कंपनीवर बंधनकारक करा. ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा, कृषी सहायकांच्या गटांवर टाका, दुकानाच्या दारावर चिकटवा. अन् हा माल ज्याच्याकडं पावतीसह आहे त्याला पैसे परत मिळायची सोय त्याच हुकुमात ठेवा. जप्त मालाच्या अन् नफ्याच्या पैशातला वाटा पहिला त्याचा. नावाची नक्कल करणाऱ्याचा नफा आला कुठून? आपल्याच खिशातून ना?

शेवटचं, आपल्याबद्दल. २०२४ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या बोरसुरी तूरडाळीला, पानचिंचोलीच्या चिंचेला अन् कास्तीच्या कोथिंबिरीला भौगोलिक मानांकन मिळालं. शेजारच्या वसमतच्या हळदीलाही मिळालं. आता नाव असलेला माणूस फक्त कारखानदार राहिला नाही, आपल्याकडंही नाव आलं. कर्नाटकातला आंबा देवगड म्हणून विकला जातो तेव्हा कोकणातल्या बागाईतदाराचं काय होतं ते आपण ऐकतो. उद्या बाहेरची तूर भरडून बोरसुरी म्हणून विकली गेली तर तेच आपलं होईल. हे नाव कुण्या एकाचं नाही, त्या भागातल्या सगळ्या पिकवणाऱ्यांचं आहे, म्हणून अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्या. अन् आपल्यातल्याच कोणी चार पोती दुसरीकडची मिसळायचा विचार केला तर त्याला तिथंच अडवा. दुसऱ्याच्या नावावर आपला माल खपवू नये, हा नियम कंपनीला लागू आहे तसा शेतकऱ्यालाही आहे.

मागच्या हंगामात सारख्या दिसणाऱ्या पुड्यानं कोणाला फटका बसला असेल तर खाली लिहा. दुकानाचं नाव नको, बॅच नंबर, घटक अन् लेबलचा फोटो टाका. ज्या कृषी अधिकाऱ्यांना, शास्त्रज्ञांना माझ्या लिहिण्यात काही दुरुस्ती सुचवायची असेल त्यांनी मोकळेपणानं सुचवा.

पटलं तर गावाच्या ग्रुपवर पाठवा. पेरणीला सगळ्यांना शुभेच्छा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय घाई करू नका.